आई-बाबा आणि मुलांना घेऊन दोन दिवसांत रत्नागिरीचा किनारा: आधी तिथी बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कोल्हापूरहून शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्रीपर्यंत घरी परतायचं. महिना डिसेंबर, तारीख अजून ठरलेली नाही. गाडीत सहा माणसं: तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. बाबांचा गुडघा दुखतो. आईंना गणपतीपुळ्याचं दर्शन हवंच आहे, मुलांना पाण्यात खेळायचंय आणि तुम्हाला स्वतःला कडे-किल्ले बघायचेत. यादीत जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नदुर्ग, पावस, पूर्णगड, कशेळी, आंबोळगड आणि शेवटी विजयदुर्ग आहे. नकाशावर हे सगळं दोनशे किलोमीटरच्या आत दिसतं, मग दोन दिवसांत का जमू नये, असा तुमचा प्रश्न.

नाही जमणार. किंवा असं म्हणतो, गाडी सगळीकडे पोचेल, माणसं पोचणार नाहीत. मी रत्नागिरीचा. गेली २२ वर्षं पाहुण्यांना या किनाऱ्यावर फिरवतोय. आधी नुसती गाडी चालवायचो, आता घरी चार खोल्याही आहेत. तुमच्यासारखी यादी घेऊन आलेली कितीतरी कुटुंबं बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी-आजोबा गाडीतच बसून राहतात. "तुम्ही बघून या, आम्ही इथेच थांबतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता यादी बघितली की ते कधी कानावर येणार याचा अंदाज येतो.

अंतराचा हिशोब चुकतो तो खाड्यांमुळे. आमचा किनारा सरळ नाही. थोड्या थोड्या अंतरावर एकेक नदी समुद्राला मिळते आणि तिथे भरतीचं पाणी आत मैलोन्‌मैल शिरतं. शास्त्री नदीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी, मग जैतापूर, मग वाघोटण. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा उंच सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, आणि सड्याला समुद्राच्या बाजूने तुटलेला कडा. म्हणजे रस्ता सड्यावर चढतो, खाडीला उतरतो, पूल ओलांडतो, परत चढतो. विजयदुर्ग तर वाघोटण खाडीच्या पलीकडच्या तोंडावर आहे. अलीकडून बघितलं तर हाकेच्या अंतरावर वाटतो, पण गाडीने जायचं तर खाडीच्या कडेने आत पुलापर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत समुद्राकडे यावं लागतं. अशा रस्त्यावर तासाला तीस-पस्तीस किलोमीटर धरा, तेही कोणाला ओकारी झाली नाही तर.

म्हणून माझा नियम असा की दोन दिवसांत एकच पट्टा घ्यायचा, एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत. आईंना गणपतीपुळं हवंय, त्यामुळे तुमचा पट्टा आपोआप ठरला: वर जयगड, खाली रत्नागिरी. टोकापासून टोकापर्यंत पन्नास किलोमीटरच्या आतलं अंतर. यात कडा आहे, किल्ले दोन आहेत, पुळण म्हणजे वाळूचा किनारा आहे, देऊळ आहे. पावस आणि त्याच्या पुढचं सगळं यादीतून काढा. विजयदुर्ग पुढच्या खेपेला देवगड-कुणकेश्वराबरोबर करा. तो किल्ला निवांत बघण्यासारखा आहे, मुलं जरा मोठी झाली की तिथले 'साहेबाचे ओटे' दाखवा. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तिथे आले होते, त्या वेळचे ते ओटे. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं बरेच जण सांगतात, ते बरोबर नाही. सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याआधी ३० वर्षं, १८६८ सालीच दिसली होती. पण ओटे खरे आणि ग्रहणही खरं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रश्नात हॉटेल, रस्ता, जेवण सगळं आहे, भरती-ओहोटी मात्र कुठेच नाही. खडकाळ किनाऱ्यावर तीच सगळ्यात आधी बघायची असते.

धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. सांगलीकडचं एक कुटुंब घेऊन आलो होतो. एका पुळणीच्या टोकाला खडक संपतात तिथून ओहोटीच्या वेळी पलीकडच्या छोट्या पुळणीवर चालत जाता येतं. गेलो. मुलं शंख-शिंपले वेचत बसली, मोठे गप्पा मारत बसले, मीही बसलो. दीड तासाने निघालो तर ज्या खडकांवरून आलो ते पाण्याखाली आणि वर लाटा फुटतायत. दोन्ही मुलांना खांद्यावर घेऊन मी आणि त्यांचे वडील कमरेएवढ्या पाण्यातून आलो. आजोबांना तसं आणणं शक्यच नव्हतं. गावातली दोन माणसं बोलावली आणि त्यांना मागच्या डोंगराने, करवंदीच्या जाळ्यांतून धरून धरून वर काढलं. कोणाला काही झालं नाही, पण आजोबांचा तो पांढराफटक चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून कोणी तारीख सांगितली की मी पहिल्यांदा कालनिर्णय काढून तिथी बघतो.

तिथीचा हिशोब आमच्याकडे सगळ्या कोळ्या-खारव्यांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि तशीच पहाटे तीनच्या आसपास. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकराला. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब एकच. यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक होऊ शकते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रक बघून ताडून घ्या. पण तारीख ठरवायला पाऊणपट पुरते.

दुसरं, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, चढउतार कमी. रत्नागिरीच्या बाजूला उधाणाला साधारण दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. सपाट वाळूवर तेवढ्या फरकाने समुद्र केवढा तरी मागे गेलेला दिसतो. तीच वाळू मुलांना खेळायला मिळते.

गणपतीपुळ्याच्या समुद्राबद्दल सरळ सांगतो, कारण दरवर्षी इथे माणसं बुडतात आणि त्यातली बरीचशी घाटावरून आलेली असतात, पोहता येणारीसुद्धा. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. ते वाळूत एखादी खोलगट वाट करून तिथून जोरात आत जातं. आम्ही म्हणतो, पाण्याला ओढ आहे. फसवं काय, तर त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंच्या फेसाळ पाण्यापेक्षा ती जागा शांत दिसते आणि लोक मुलांना घेऊन नेमके तिथेच उतरतात. ओहोटी लागली की ओढ वाढते. मुलांसाठी माझी मर्यादा त्यांच्या गुडघ्याची, तुमच्या नाही. मोठ्या माणसाने मुलांच्या आणि समुद्राच्या मधे, किनाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, मधूनमधून मागे लाटेकडे बघायचं. मोबाइल आईंच्या पिशवीत. जीवरक्षक असतील तिथेच उतरा आणि त्यांनी शिट्टी मारली की वाद घालू नका. कोणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, माणूस दमून जातो. किनाऱ्याला समांतर, बाजूला जायचं. ओढीची वाट अरुंद असते, तिच्यातून बाहेर पडलं की लाटाच आणून सोडतात. हे नऊ वर्षांच्या मुलाला पाण्यात उतरण्याआधी वाळूत रेघा काढून समजावता येतं. मी माझ्या मुलांना तसंच शिकवलं.

एवढं लक्षात ठेवून शनिवार बघू. पहाटे साडेपाचला निघा. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि तिथून निवळी. निवळीला महामार्ग सोडून जाकादेवी-चाफे मार्गे खाली उतरा. रत्नागिरी शहरात शिरू नका, उगाच तासभर जातो. रस्त्याची कामं किती चालू आहेत त्यावर वेळ अवलंबून, तरी थांबत थांबत दहाच्या सुमारास मालगुंडला पोचाल. मुक्काम मी मालगुंडला सुचवेन. गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ, पण गर्दी कमी. खोली सांगताना तीन गोष्टी आधी विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का आणि जेवण घरी करतात का. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर घावणे, कुळथाचं पिठलं, सोलकढी, उकडीचे मोदक मिळतात. आयत्या वेळी सांगितलं तर पनीर मिळतं.

पुढचा दिवस तिथीवर. द्वादशी किंवा त्रयोदशी असेल तर सकाळी नऊ-पावणेदहाला भरती आणि साडेतीन-चारला ओहोटी. अशा दिवशी सामान टाकून लगेच जयगड करा, दुपारी जेवून झोप आणि चारनंतर पुळण. पाणी नुकतंच चढायला लागलेलं असतं, वाळू भरपूर उघडी असते. चतुर्थी असेल तर उलटं. तीनला समुद्र भरलेला असतो, त्या वेळी पुळणीवर जाण्यात अर्थ नाही. सकाळी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघा, जेवा, लवंडा आणि तीन-साडेतीनला जयगडला जा. भरलेली खाडी किल्ल्यावरून फार सुंदर दिसते. परत येऊन सूर्यास्ताच्या वेळी वाळूवर नुसतं बसा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पाणी तेव्हा उतरत असतं, म्हणून मुलांना फक्त घोट्यापर्यंत.

केशवसुतांचं स्मारक चुकवू नका. १८६६ साली ते मालगुंडला जन्मले. घर कौलारू, जागा सपाट, सावली आहे. बाबांना तिथे काठीशिवाय फिरता येईल आणि कवितेची आवड असेल तर तासभर सहज जाईल.

जयगडची मोठी सोय म्हणजे गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते. खंदक, बुरूज, समोर शास्त्रीचं मुख आणि पलीकडे तवसाळ. खालून तवसाळला फेरीबोट जाते, गाडीसकट. तुम्हाला पलीकडे जायचं नाही, पण मुलांना बोटीत गाड्या चढताना बघायला आवडतं. किल्ला बांधताना बुरूज पुन्हा पुन्हा ढासळायचा, म्हणून जयबा नावाच्या तरुणाने स्वतःला त्यात गाडून घेतलं आणि त्याच्यावरून जयगड नाव पडलं, अशी कथा गावात सांगतात. मुलीला रात्री झोपताना सांगू नका, मुलाला किल्ल्यावर उभं राहून सांगा. तटावरून चालताना समुद्राच्या बाजूने कठडा नाही असं धरूनच चाला. स्वच्छतागृहाची सोय किल्ल्यावर धरून चालू नका, मुक्कामावरून निघतानाच सगळ्यांना आटपायला लावा. रस्त्यावर बंदराकडे जाणारे मोठे ट्रक असतात, वळणावर हॉर्न देत जा.

परतताना नांदिवड्याला करहाटेश्वर आहे. देऊळ अगदी समुद्राला टेकून, खाली खडकांवर लाटा फुटतात आणि इतक्या जवळ गोमुखातून गोड्या पाण्याची धार येते. माझी या पट्ट्यातली सगळ्यात आवडती जागा. पण पायऱ्या उतरायच्या म्हणजे त्या परत चढायच्या. बाबांचा गुडघा त्या दिवशी कसा आहे ते बघून ठरवा. एक साधी कसोटी आहे: घरचा एक जिना उतरून, चढून वर आल्यावर त्यांना बसावंसं वाटतं का? वाटत असेल तर त्यांना वरच थांबू द्या आणि तुमच्यापैकी एकाने त्यांच्याजवळ थांबा. एकटं बसवून सगळे खाली गेलात तर त्यांच्यासाठी सहलीचा तोच क्षण शिल्लक राहतो.

रविवारी पहाटे उठा. साडेसहाला देवळात असाल तर दर्शन शांतपणे होतं, दहानंतर रांग. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून, समोर थेट समुद्र. डोंगरच देव मानला जातो, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही, डोंगराला. सुमारे एक किलोमीटर, फरसबंदी वाट आहे पण चढउतार आहे. आई नातवाला घेऊन जाऊ शकतात, बाबांना देवळासमोर बसवा. तारीख ठरवताना संकष्टी टाळा आणि अंगारकी आसपासही येत नाही ना ते बघा. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत येऊच नका, आई-बाबांना त्या गर्दीचा फार त्रास होईल.

नाश्ता करून नऊला समुद्राच्या रस्त्याने रत्नागिरीकडे निघा. आरे-वारे इथेच. रस्ता कड्यावर चढतो आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी अशा दोन पुळणी, मागे सुरूचं बन. हे वरून बघायचं ठिकाण आहे, खाली पाण्यात उतरायचं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावा, बाबांना काच खाली करून बसल्या जागी सगळं दिसतं.

इथे कड्याबद्दल एक. वरचा जांभा टणक दिसतो, पण त्याच्या खाली पांढरट-पिवळी मऊ माती असते, तिला शेडी म्हणतात. पावसाचं पाणी आणि लाटा ती शेडी पोखरतात, वरचा जांभा छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि एक दिवस घराएवढा तुकडा सुटतो. वरून उभ्या माणसाला आपल्या पायाखाली पोकळी आहे हे कळत नाही. म्हणून कड्याच्या टोकापासून दहा-बारा पावलं मागे उभं राहायचं आणि मुलांचा हात हातात. फोटो मागूनही चांगले येतात. कातळावर भेग दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला अजिबात जाऊ नका.

साडेदहा-अकराला रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंना समुद्र, भगवतीचं देऊळ. गाडी बरीच वर जाते, शेवटी थोड्या पायऱ्या आहेत. देवळापर्यंत बाबा सावकाश येतील, दीपगृहाच्या टेकडीचा नाद त्यांनी सोडावा. शहरातला थिबा राजवाडा १९१० सालचा, ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा तिथे नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली वारला. वेळ उरला तरच. त्यापेक्षा मुलांना कातळशिल्पं दाखवायची असतील तर निवळीच्या बाजूला उक्षीचा हत्ती बघा. सड्याच्या जांभ्यावर कोरलेला, खऱ्या हत्तीच्या मापाचा. कोकणातली अशी शिल्पस्थळं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यात उक्षीही आहे. राजवाडा किंवा हत्ती, दोन्ही नाही. सड्यावर सावली नसते, टोप्या आणि पाणी बरोबर ठेवा.

एक वाजता रत्नागिरीत जेवून अडीचपर्यंत निघालंच पाहिजे. आंबा घाट उजेडात चढायचा, संध्याकाळनंतर रस्त्यावर गवे येतात.

थोड्या किरकोळ गोष्टी. खडकांवर चालताना पट्ट्याच्या चपला घाला, चप्पल काढून कोणी चालू नये, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या असतात आणि हिरवं शेवाळ साबणासारखं. गाडी वाळूत नेऊ नका, कितीही जण नेत असले तरी. चाक रुतलं आणि भरती लागली की गाडी बाहेर काढायला घड्याळ थांबत नाही. डिसेंबरात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, समुद्र गुळगुळीत दिसतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठतात. सकाळी बघितलेल्या समुद्रावरून संध्याकाळचा अंदाज करू नका. आणि हे सगळं ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंतचं. पावसाळ्यात याल तर पाण्याजवळ जाऊच नका, तेव्हा समुद्र फक्त वरून बघायचा.

तारीख तुमच्या हातात आहे, म्हणून शनिवारी द्वादशी किंवा त्रयोदशी येईल असा आठवडा शोधा. शनिवारी चार वाजता मुलांना मोठी उघडी वाळू मिळेल आणि रविवारी दहाच्या सुमारास भरती असल्यामुळे आरे-वारेच्या कड्यावरून खडकांवर फुटणाऱ्या लाटा ऐन जोरात दिसतील. पक्ष शुद्ध असेल तर शनिवारी जेवणानंतर आई-बाबांना मालगुंडच्या पुळणीवर घेऊन जा, चंद्र वर असतो आणि चांदण्यात पार पाण्याच्या रेषेपर्यंत सगळं दिसतं. वद्य असेल तर बॅटरी बरोबर ठेवा आणि सुरूच्या बनाच्या पुढे जाऊ नका.